चाचणीची चोवीस पानं

गडमुडशिंगी
६ मे १९९७

प्रिय क्रांती,

तंत्रवाट प्रकाशनाचं पत्र काल मिळालं. मुद्रितशोधक म्हणून माझी तात्पुरती निवड झाली आहे. सोमवार १२ मेपासून तीन महिने. पन्हाळ्याला टपाल एक दिवस उशिरा पोचतं, म्हणून मीच आधी कळवते आहे. एकूण जागा किती, हे त्यांनी सांगितलेलं नाही. तेव्हा माझी झाली म्हणजे तुझी नाही, असा अर्थ काढू नकोस.

२८ तारखेला तू साडेबाराची गाडी गाठायला पळालीस, त्यानंतरचं तुला माहीत नाही. अकरा जणांत माझा नंबर शेवटचा होता. मालक हंबीरराव यांनी घरून तपासून आणलेलं माझं चाचणीचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, घरी कुठली भाषा बोलता. मी म्हटलं, आई कन्नड, वडील दोन्ही. "मग मराठी पुस्तक तपासणार कसं?" मी सांगितलं की घरी कन्नड, शाळेत मराठी आणि तंत्रनिकेतनात इंग्रजी झालं, त्यामुळे चुका मला तिन्हींत दिसतात. दुसरा प्रश्न लग्नाचा. लग्नाचा आणि वायरिंगच्या पुस्तकाचा संबंध काय, असं मी विचारलं. ते हसून म्हणाले, "तीन महिन्यांत उरकू नका म्हणजे झालं."

मी हसले नाही. तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेले नाही, कारण इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होऊन अकरा महिने झाले आणि या काळात ज्या तीन ठिकाणी मला बोलावलं, त्यांतल्या दोन ठिकाणी 'खांबावर चढणार का' असं विचारून आधी ते हसले आणि मग चहा मागवला. इथे निदान खांब नाही.

एक गोष्ट मात्र पटली. प्रत्येकाला वेगळं प्रकरण तपासायला दिलं होतं. एकमेकांचं बघून कोणी लिहू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. चाचणी घ्यायची ही पद्धत बरोबर आहे.

सरकारी छापखान्याची जाहिरात तू कापून ठेवली आहेस ना? मुद्रितशोधकाच्या कायम जागा दोन, अर्जाची मुदत १६ जून, अनुभव असल्यास प्राधान्य. तीन महिन्यांचं हे काम त्यासाठीच घ्यायचं, असं आपलं ठरलं होतं. तुझं काय झालं ते लगेच कळव.

दानेश्वरी

---

पन्हाळा
१२ मे ९७

दाने,

अभिनंदन. हे पहिल्या ओळीत लिहून टाकते, कारण पुढे माझा हात काय लिहील त्याचा भरवसा नाही.

माझंही पत्र आलं. सायक्लोस्टाइल केलेलं, फक्त नाव हाताने भरलेलं. 'आपली चाचणी आमच्या किमान अपेक्षेस उतरली नाही.' किमान, दाने. म्हणजे मी कमी पडले असं नाही, मी उंबऱ्यालाच अडखळले. चार संध्याकाळी पिठलं-भाकरीच्या गाड्यावरचं आवरून, हात चुलीच्या राखेने घासून, ती चोवीस पानं तपासली. आईने पिठल्याचं पातेलं त्यांच्यापासून चार हात लांब ठेवलं होतं. अर्थिंगचं प्रकरण होतं. त्या लेखकाने काय काय लिहून ठेवलंय ते तुला भेटल्यावर सांगेन. आता सांगून तरी काय करायचं म्हणा.

आईला पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाली, "जाऊ दे की. भाकरी थापायला कोण चाचणी घेत न्हाय." समजूत घालायला म्हणाली गं. मी परात आपटली. समोर मुंबईचे पावणे जेवत होते, ते दचकले आणि त्यांनी भाकरी परत मागायचं धाडस केलं नाही. नंतर आईच हसायला लागली. मी नाही.

छापखान्याची जाहिरात आहे इथेच, फळीला टोचलेली. पण अर्ज नाही करायचा मी. तीन महिन्यांच्या कामाला जी किमानसुद्धा नाही, ती कायमच्या जागेला काय उतरणार? तिथे तर लेखी परीक्षा आहे, जिल्ह्यातून पोरं येणार. त्यात अनुभवाचा रकाना. तिथे काय लिहू, 'नापास'? उगाच परत एक सायक्लोस्टाइल नको. तेवढी माझी छाती राहिलेली नाही.

एक काम कर. तू आता आत आहेस. माझं पाकीट कुठे तरी असेलच. बघ आणि सांग, माझं कुठे चुकलं. आडपडदा ठेवू नकोस. तू उगाच गोड बोलणारी नाहीस, म्हणून तुलाच विचारते. तू म्हणालीस की चूक नव्हती, तर मी अर्ज करेन. तू म्हणालीस होती, तर गप भाकरी थापेन. १६ जूनच्या आत सांग म्हणजे झालं.

तुझी
क्रांती

---

गडमुडशिंगी
१९ मे १९९७

प्रिय क्रांती,

पत्र मिळालं. मी तुझं पाकीट शोधते आहे. पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही, कारण अंदाजाने दिलेलं उत्तर तुला नको आहे आणि मला देता येत नाही.

कामाची जागा शाहूपुरीत आहे. पुढे दुकान, मागे मशीन. मला मशीनच्या भिंतीला लागून टेबल दिलं आहे. मशीन सुरू झालं की पेन्सिल आपोआप पुढे सरकते. सध्या मोटर रिवाइंडिंगच्या एका जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम आहे. दुरुस्त्या लाल पेन्सिलने करायच्या, संगणकावरची मुलगी त्या उतरवते, मग परत माझ्याकडे.

मशीन चालवणारे गुंडू मिस्त्री इथे बावीस वर्षं आहेत. पूर्वी एका पुस्तकात पानं उलटसुलट छापली गेली आणि मालकांनी सगळा दोष मिस्त्रींवर टाकला. तेव्हापासून त्यांचा नियम आहे की शेवटच्या प्रुफावर, ज्याने वाचलं त्याची 'छापा' अशी सही असल्याशिवाय प्लेट मशीनवर चढवायची नाही. सही केलेली प्रुफं ते स्वतःच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी खरंच वाचता, का नुसती सही?" या इमारतीत मला विचारलेला हा पहिला बरा प्रश्न.

हंबीरराव मला 'मिस' म्हणतात आणि माझ्या वहीत डोकावतात. इथले कागद बाहेर जाता कामा नयेत, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

अर्जाचा निर्णय तुझा आहे. मला काही कळलं की लिहीन.

दानेश्वरी

---

पन्हाळा
७ जून

दाने, कार्डावरच लिहिते. एकोणीस दिवस झाले. पाकीट सापडलं का? १६ तारीख जवळ आली. चुकलं असेल तर तसंच लिही, मी रडणार नाही, आईची शपथ. नुसतं 'हो' किंवा 'नाही' टाक. पंधरा पैशांच्या कार्डावर बसतं तेवढं.

क्रांती

---

गडमुडशिंगी
१८ जून १९९७

प्रिय क्रांती,

हे पत्र शांतपणे लिहायचं ठरवलं आहे. जमेल असं नाही.

२ जूनला हंबीररावांनी मला मागच्या कपाटाची किल्ली दिली आणि 'वायरमन मार्गदर्शक' या नव्या पुस्तकाचं काम सुरू करायला सांगितलं. म्हणाले, तपासून झालंय, फक्त सगळं एकसारखं करायचं. कपाटात अकरा गठ्ठे होते. प्रत्येक चोवीस ते अठ्ठावीस पानांचा. अकरा वेगळी अक्षरं. सातव्या गठ्ठ्यावरचं अक्षर तुझं होतं. चौथ्यावरचं माझं.

पुस्तकात अकरा प्रकरणं आहेत आणि मुलाखतीला अकरा जण होतो. ते अकराच का होते, हे आता तुला कळलं असेल. आपल्याला प्रकरणं वेगवेगळी दिली ती नक्कल टाळण्यासाठी नव्हे. आपण चाचणी देत नव्हतो. आपण त्यांचं पुस्तक तपासून देत होतो. आणि मी ती पद्धत बरोबर आहे असं तुला लिहून पाठवलं होतं.

मला निवडलं ते माझी चाचणी चांगली होती म्हणून नाही. माझं पाकीट त्यांनी त्या दिवशी उघडलंच नव्हतं. दहा जणांचं काम जोडून घ्यायला एक माणूस हवा होता आणि मी शेवटची होते, कमी बोलत होते. तेवढंच.

तुझा प्रश्न होता, कुठे चुकलं. कुठेही नाही. मी तुझं प्रकरण तीनदा वाचलं. पान ११ वर लेखकाने लिहिलं होतं की घरात अर्थिंग नसेल तर न्यूट्रलची तार उपकरणाच्या बॉडीला जोडावी. ते वाक्य तू आडव्या रेघेने खोडलंस आणि बाजूला लिहिलंस: 'असं जोडलं आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर इस्त्रीला हात लावणारी बाई मरेल. आमच्या शेजारच्या विठाबाई अशाच गेल्या. हे वाक्य काढा.' अकराही गठ्ठ्यांत एवढी महत्त्वाची दुरुस्ती दुसरी नाही. हंबीररावांनी ती चौकटीत, 'इशारा' म्हणून घ्यायला सांगितली. विठाबाईंचं नाव गाळून. परवा विक्रेत्यांना ते पान दाखवून म्हणत होते, बघा, आमच्याकडे किती बारकाईने काम होतं.

मी तुला लगेच का लिहिलं नाही, तर मला खात्री करायची होती. कपाटात उमेदवारांची यादी होती. तिच्यातली नावं, अर्जांवरची अक्षरं आणि गठ्ठ्यांवरची अक्षरं मी एकेक करून जुळवली. रोज जेवणाच्या सुट्टीत, कारण नंतर मालक असतात. दहाही जुळली. दहाही जणांना 'किमान अपेक्षेस उतरली नाही' हेच पत्र गेलं आहे. त्याची मूळ प्रत त्याच कपाटात होती. तिच्यावर तारीख २५ एप्रिल होती, क्रांती. आपण पाकिटं परत दिली २८ ला.

ते पाहिल्यावर मी काल हंबीररावांसमोर गेले. मी काय म्हणाले ते लिहीत नाही, मी मोजूनच बोलले. ते काय म्हणाले ते लिहिते. "परीक्षा घेतली. परीक्षेचे पेपर कुणी परत देतं का?" आणि मग, "तुम्हाला तर काम मिळालं ना, मिस? तुम्हाला काय त्रास?"

मी टेबलावर आले आणि काम पूर्ण केलं. संध्याकाळी शेवटची प्रुफं समोर आली. सही केली नाही. आज सकाळी अकरा वाजता प्लेटा तयार होत्या, आयटीआयची वर्षं जुलैत सुरू होतात, विक्रेते दुकानात बसलेले. मिस्त्री म्हणाले, "बाईंची सही न्हाय. प्लेट चढणार न्हाय." हंबीररावांनी पेन काढलं आणि ते स्वतः सही करायला निघाले. मिस्त्रींनी प्रुफं छातीशी धरली. "तुमी वाचलंय का, मालक?"

विक्रेत्यांसमोर त्यांना हो म्हणता आलं नाही. मी माझी मागणी कागदावर लिहून ठेवली होती: दहा जणांना दहा अनुभवाचे दाखले, लेटरहेडवर, शिक्क्यासह, प्रत्येकात प्रकरणाचं नाव. साडेबाराला दहांवर सह्या झाल्या. एकला मी 'छापा' लिहिलं. मशीन सुरू झालं. हंबीररावांनी नंतर मला एवढंच सांगितलं की ऑगस्टमध्ये मुदत वाढणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे.

तुझा दाखला सोबत जोडला आहे. 'प्रकरण ७, अर्थिंग, याचे मुद्रितशोधन व तांत्रिक तपासणी समाधानकारकरीत्या केली.' तांत्रिक हा शब्द मी घालायला लावला. बाकी नऊ जणांचे दाखले पत्ते पडताळून पाठवणार आहे.

तू चुकली नव्हतीस. हे आता मी खात्रीने सांगू शकते.

दानेश्वरी

---

पन्हाळा
२१ जून

दानेश्वरी,

पत्र मिळालं, दाखला मिळाला. आईने दाखला देवापुढे ठेवला. मी उचलून फळीवर ठेवला, जिथे ती जाहिरात टोचली होती. जाहिरात १७ तारखेला मी काढून चुलीत घातली. तुझं पत्र १८ ला निघालं.

आधी त्या हंबीररावाबद्दल. विठाबाईंचं नाव गाळलं त्याने? सहा महिने त्यांच्या पोराने इस्त्रीकडे बघितलं नव्हतं. त्यांचं नाव पुस्तकात जड झालं होय त्याला? हा माणूस रस्त्यात भेटला तर मी काय बोलेन ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पोस्टमास्तर आमच्या ओळखीचे आहेत.

पण त्याच्यावर माझा राग सोपा आहे. तो परका. त्याने माझी चोवीस पानं घेतली.

आता तुझ्याबद्दल. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा. तुझ्या पत्रातल्या तारखांखाली रेघा मारल्या. माझं अक्षर तू २ जूनला ओळखलंस. मी १२ मेला लिहिलं होतं, तू म्हणालीस की चूक नव्हती, तर मी अर्ज करेन. ७ जूनला कार्ड टाकलं, हो किंवा नाही लिही. तू कपाटासमोर बसून दहा जणांची अक्षरं जुळवत राहिलीस. मला बाकीच्या नऊ जणांचं काय करायचं होतं? मला एकीचं हवं होतं. माझं. ते तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

त्याने चोवीस पानं घेतली. तू चौदा दिवस घेतलेस.

आणि अख्ख्या पत्रात तू एक गोष्ट लिहिलेली नाहीस. तू काही लिहायला विसरत नाहीस. लिहिलं नाहीस म्हणजे ठरवून लिहिलं नाहीस. म्हणून विचारते. छापखान्याच्या जागेसाठी तू अर्ज केलास का? केला असशील तर कधी? एवढंच लिही. बाकीचं मोजूनमापून केलेलं मला नको.

क्रांती

---

गडमुडशिंगी
२३ जून १९९७

क्रांती,

केला. ११ जूनला, बुधवारी, दुपारी सव्वातीनला.

तू एवढंच लिही म्हणालीस. पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांब.

२ जूनला मी लिहिलं नाही त्याचं कारण तेच होतं जे मी तुला सांगितलं. अर्धवट कळवायची मला सवय नाही. मालकांवर चोरीचा आरोप करायचा तर एकही कच्चा दुवा नको, असं मी धरून चालले होते. तोपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

९ तारखेला तुझं कार्ड आलं. त्याच संध्याकाळी उलट कार्ड टाकलं असतं तर तुला १२ पर्यंत मिळालं असतं. मी कार्ड घेतलं, पेन उघडलं. आणि मनात आलं की जागा दोनच आहेत आणि लेखी परीक्षेत तू माझ्यापुढे असतेस. तंत्रनिकेतनात तिन्ही वर्षं होतीस. मी पेन बंद केलं. मग स्वतःला सांगितलं की चार गठ्ठे राहिलेत, ते जुळले की लिहू. हे कारण खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं उपयोगी पडलं.

दोन दिवसांनी अर्ज भरताना अनुभवाच्या रकान्यात मी 'तंत्रवाट प्रकाशन, एक महिना' लिहिलं. तुझा अर्ज असता तर तो रकाना रिकामा असता हे मला ठाऊक होतं. का रिकामा असता, तेही ठाऊक होतं. माझं अक्षर त्या रकान्यात जराही हललेलं नाही. अर्जाची झेरॉक्स पाहिली, अगदी सुबक आहे.

तेव्हा दहा दाखल्यांसाठी मी मशीन अडवलं ते खरं, पण ते १८ तारखेला. १६ च्या आत नाही. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असतंय दानू, फक्त वेळ तेवढी तुझ्या सोयीची असती." मी तिच्यावर चिडले.

अर्ज मागे घ्यावा असं वाटलं होतं. पण मी घेतल्याने तुझा होत नाही. फक्त मला बरं वाटेल. म्हणून घेतलेला नाही.

माफी लिहीत नाही. लिहिली की ती द्यायची की नाही हे ठरवायचं काम तुझ्याकडे येतं, आणि माझ्यामुळे तुझ्याकडे आधीच पुरेसं आलं आहे.

दानेश्वरी

---

कोल्हापूर, बस स्टँड
२५ जून, दुपारी

क्रांती,

सरकारी छापखान्यातल्या जागांची मुदत वाढली म्हणे. अर्ज कमी आले म्हणून. ३० तारखेपर्यंत. गुंडू मिस्त्रींचा मेहुणा तिथे बाइंडिंगला आहे, तो जेवणाच्या सुट्टीत सांगून गेला. नोटीस मी पाहिलेली नाही. बघायला गेले तर पन्हाळ्याची गाडी सुटेल, आणि टपालाने तुला परवा मिळेल. खात्री केलेली नाही. ऐकलं तसं लिहिते आहे.

कोऱ्या अर्जाची झेरॉक्स सोबत आहे. पत्र कंडक्टर कृष्णात यांच्याकडे देते. तीन दरवाजाजवळच्या पिठल्याभाकरीच्या गाड्यावर, असं सांगितलं आहे. ते म्हणाले, "क्रांतीताईंच्या? मग परातीपासून लांब उभा राहून देतो."

दाखला विसरू नकोस.

दाने

---

शाहूपुरी, तुमच्या दुकानाची पायरी
२६ जून, दुपारी पावणेदोन

दाने,

हे मिस्त्रींच्या हातात देऊन जाते. तू जेवायला गेली आहेस, आणि बरं झालं. समोर असतीस तर लिहिता आलं नसतं, बोलले असते.

काल दुपारी टपालाने तुझं 'केला'वालं पत्र मिळालं, संध्याकाळी बसचं. कृष्णात खरंच चार हात लांब उभा राहिला. आज पहिल्या गाडीने आले. अर्ज दिला. दाखला बघून खिडकीतल्या बाईंनी विचारलं, अर्थिंग म्हणजे काय हो, आमच्या पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात. खिडकीत उभी राहून दहा मिनिटं समजावून सांगितलं. मागची रांग शिव्या द्यायला लागली तेव्हा थांबले. पोच मिळाली. नंबर १३२. तुझा किती ते विचारत नाही. परीक्षेला तुझ्या शेजारच्या बाकावर नंबर आला तर मी बदलून मागणार आहे.

तुझं बसचं पत्र तपासून परत पाठवते. लाल पेन्सिल त्याच खिडकीतून मागून घेतली. एक चूक आहे. मुदत ३० पर्यंत नाही, २७ पर्यंत. उद्या पाचला खिडकी बंद. पूर्वीसारखा तुझ्या शब्दावर विश्वास असता तर मी गाड्यावरचं आवरून सोमवारी निवांत आले असते आणि परत हुकले असते. आता तो नाही, म्हणून स्वतः बघायला आले. तेव्हा ज्याला मी नावं ठेवत होते त्या तुझ्या खात्री करण्याच्या रोगानेच मला वाचवलं, फक्त या वेळी तो मला झाला.

आणि मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं. बाकीचे नऊ दाखले अजून तुझ्या टेबलाच्या खणात आहेत. पत्ते पडताळतेय म्हणे. आठ दिवस झाले. बाई, त्यांच्यातही कोणी तरी चुलीसमोर बसून 'किमान' हा शब्द चघळत असेल, आणि त्याच्या फळीला तीच जाहिरात टोचलेली असेल. उद्या पाचपर्यंत त्यालाही वेळ आहे.

मिस्त्रींनी खण उघडून दिला. ओरडू नकोस त्यांच्यावर. यादी मी बघितली. कसब्या बावड्यातले दोघं आणि उचगावची एक, हे तीन दाखले मी घेऊन निघाले. घर नाही सापडलं तर गल्लीत हाका मारेन, तेवढा गळा आहे मला. सहा तुझ्या टेबलावर ठेवलेत. चौघं शहरातच आहेत, केएमटीच्या बसने संध्याकाळपर्यंत होतात. कागल आणि मलकापूरला गाडीच्या कंडक्टरकडे दे, तुला आता येतं ते.

पत्ता चुकला तर चुकू दे. राग आहे, तो आहेच, त्याचं नंतर बघू.

चूक तेवढी एकच होती, बाकी पत्र बरं आहे. ऊठ.

क्रांती